०.३ की ०.५ मिमी? ड्रॉइंगसाठी क्लिक पेन्सिलीचं शिसं निवडताना

१:१०० च्या प्लॅनवर २०० मिमीची चिऱ्याची भिंत कागदावर जेमतेम २ मिमी उरते. ०.५ च्या शिशाने दोन्ही कडा आतून ओढल्या की मध्ये १ मिमी पांढरं राहतं. त्यात हॅचिंगही, म्हणजे आत भरायच्या समांतर तिरक्या रेघा, ०.५ नेच केलं, तर नुसता काळा पट्टा दिसणार. म्हणून कापलेल्या (प्लॅनमध्ये छेद गेलेल्या) भिंती आणि बाह्यरेषा ०.५ ने, एचबी किंवा एच (एचबी मऊ, एच कडक, २एच त्याहून कडक). मापरेषा, मध्यरेषा, हॅचिंग ०.३ ने, २एच.

०.३ ची खोड एकच, मोडतं. एका क्लिकपेक्षा जास्त बाहेर काढू नका, पेन्सिल पट्टीला टेकवून जवळजवळ उभी धरा. रेघ ओढा, ढकलू नका. गोव्याच्या पावसाळ्यात तर जास्तच जपा. दमट हवेने शीट नरम पडते आणि बारीक, कडक शिसं तिच्यात चर पाडतं. काळं खोडलं जातं, चर राहतो. त्या दिवसांत ०.३ मध्येही एचच भरावं.

०.५ ला हा त्रास कमी. मात्र तिरकं धरलं की एका बाजूने झिजतं आणि रेघेची जाडी बदलत जाते; लांब रेघेत पेन्सिल बोटांत हळू फिरवत राहा.

एकच घ्यायची तर ०.५, एच.