टायटल कंपनी: एक घर विकलं, एक घेतलं आणि त्यानंतरचे दहा महिने

मार्च २०२४ मध्ये आम्ही टेक्ससमधलं प्लेनोचं घर विकलं आणि जूनमध्ये मॅकिनीला दुसरं घेतलं. दोन व्यवहार, दोन वेगवेगळ्या टायटल कंपन्या. टायटल कंपनी म्हणजे घराची मालकी तपासून तिचा विमा देणारी आणि व्यवहाराचे पैसे-कागद मधे सांभाळणारी कंपनी. नावं देत नाही. एकीबद्दल तक्रार आहे, आणि दुसरीचं कौतुक करायचं तर ते खरं म्हणजे तिथल्या एका बाईचं आहे. क्लोजिंगच्या (सह्या होऊन व्यवहार पुरा होतो तो दिवस) दुसऱ्या दिवशी लिहायला बसले असते तर दोघींनाही पाच तारे देऊन मोकळी झाले असते. दोन्हीकडे कॉफी बरी होती, पेनं फुकट मिळाली, सगळे हसून बोलले. फरक कळला तो नंतरच्या महिन्यांत.

आधी पैशांचं सांगते, कारण सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात. चार ठिकाणी भाव काढायचा आणि स्वस्त तिथे जायचं, ही आपली सवय टेक्ससमध्ये चालत नाही. टायटल इन्शुरन्सचा, म्हणजे मालकीत मागाहून खोट निघाली तर भरपाई देणाऱ्या विम्याचा, हप्ता एकदाच, क्लोजिंगला भरायचा असतो आणि त्याचा दर राज्याचं इन्शुरन्स खातं ठरवतं. पाच लाख डॉलरच्या घराला कुठल्याही कंपनीत गेलात तरी आकडा तोच. आमच्या वेळी तो तीन हजारांच्या जरासा आत होता. त्याच वेळी कर्ज देणाऱ्या बँकेसाठीची पॉलिसी काढली तर तिचे वर शंभर. फ्लोरिडा आणि न्यू मेक्सिकोतही दर सरकारीच. बाकी बऱ्याच राज्यांत कंपनीप्रमाणे फरक पडतो, तिथे जरूर घासाघीस करा. आमच्याकडे फरक होता तो एस्क्रो फी (पैसे-कागद मधे सांभाळल्याचे), कुरियर, डॉक्युमेंट फी असल्या किरकोळ ओळींत, आणि दोन्ही कंपन्यांचं सगळं मिळून जेमतेम दीडशे डॉलर. दर एकच आहे म्हटल्यावर बघायचं काय, तर फाईल कोणाच्या हातात जाणार ते.

प्लेनोच्या वेळी आम्ही हे बघितलंच नाही. एजंट म्हणाली, "आम्ही नेहमी इथेच करतो," आणि आम्ही मान डोलावली. एजंटचा किंवा ब्रोकरचा त्या कंपनीत आर्थिक संबंध असेल तर तो लेखी कळवणं त्यांना बंधनकारक आहे, तो कागद मागून घ्या. टेक्ससमध्ये मालकाच्या पॉलिसीचे पैसे बहुतेक वेळा विकणारा देतो, त्यामुळे कंपनी त्याच्या पसंतीची, असा रिवाज आहे. पण घरांच्या व्यवहारांसाठीच्या १९७४ च्या रेस्पा कायद्यानुसार गृहकर्जाच्या व्यवहारात विकणारा 'टायटल इन्शुरन्स अमक्याच कंपनीकडून घ्या' अशी अट खरेदीदारावर घालू शकत नाही. घातली तर त्या इन्शुरन्सच्या खर्चाच्या तिप्पट भरपाई मागता येते. हे मला घर विकून झाल्यावर कळलं.

विक्रीच्या सुमारास मी पुण्यात होते, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. डीडवर, म्हणजे मालकीच्या दस्तावर, नाव कोणाचंही असो, राहतं घर नवरा-बायको दोघांच्या सहीशिवाय विकता येत नाही, असं टेक्ससच्या राज्यघटनेतच लिहिलंय. म्हणजे नवऱ्याच्या नावे पॉवर ऑफ अॅटर्नी करणं आलं. पहिल्या कंपनीत फोन उचलणाऱ्या मुलाने सांगितलं, तिथल्या कुठल्याही नोटरीचा चालेल. मी शिवाजीनगर कोर्टासमोर जाऊन स्टॅम्प पेपरवर केलं, लाल सील, शिक्के, फोटो, अंगठा, सगळा थाट. स्कॅन पाठवला. दहा दिवस शांतता. मग निरोप आला की हा चालणार नाही. एकतर यावर अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, हवा, नाहीतर अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये जाऊन सही करा. शिवाय कागदात घराचं कायदेशीर वर्णन, म्हणजे लॉट, ब्लॉक, सबडिव्हिजन, नव्हतं. घराचा पत्ता त्यांना पुरत नाही. टेक्ससमध्ये ऑनलाइन नोटरी २०१८ पासून चालते म्हणून नवऱ्याने तेही विचारून पाहिलं, पण आमच्या फाईलला ते मंजूर होत नव्हतं.

मग पहाटे साडेचारला निघून एक्स्प्रेस-वेने बीकेसी, अमेरिकन कॉन्सुलेट. अपॉइंटमेंट आधी घ्यावी लागते, फोन आत नेता येत नाही, प्रत्येक सीलचे पन्नास डॉलर. आत काम वीस मिनिटांत झालं. तिथून थेट कुरियरवाल्याकडे, कारण टायटल कंपनीला मूळ कागद हातात हवा असतो. तो क्लोजिंगच्या आदल्या दिवशी दुपारी पोचला. त्या आठवड्यात आईच्या गुडघ्यापेक्षा ट्रॅकिंग नंबरची विचारपूस मी जास्त केली. तर ज्यांना सहीच्या वेळी भारतात असायचंय त्यांनी पॉवर ऑफ अॅटर्नीचा मसुदा टायटल कंपनी आणि लेंडर (कर्ज देणारी बँक) दोघांकडून आधी लेखी मंजूर करून घ्यावा, मगच सही करावी.

दुसरी गंमत नावाची. आपल्याकडे नाव, मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. माझं सोशल सिक्युरिटीवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, जुन्या डीडवर मधल्या नावाचं फक्त आद्याक्षर आणि बँकेत आडनाव पुढे, नाव मागे. क्लोजिंगला एक प्रतिज्ञापत्र असतं, 'या सगळ्या नावांची व्यक्ती मीच'. माझ्या त्या कागदावर सहा नावं होती. नवऱ्याने माझ्या वतीने सह्या करताना फोनवर विचारलं, "यातली तू नेमकी कुठली?"

क्लोजिंग पार पडलं, पैसे आले, मी परत आले. एप्रिलच्या मध्यावर बँकेचं स्टेटमेंट बघते तर जुन्या घराच्या कर्जाचा हप्ता कापलेला. घर विकून तीन आठवडे झाले होते! चौकशी केल्यावर कळलं ते असं. कर्ज फेडायचा आकडा बँक एका ठरावीक तारखेपर्यंतचा देते, पुढच्या प्रत्येक दिवसाचं व्याज वेगळं. आमचं क्लोजिंग शुक्रवारी झालं, टायटल कंपनीने वायर (बँकेतून थेट पाठवायचे पैसे) मंगळवारी पाठवली आणि मधल्या दिवसांचं व्याज धरलंच नाही. रक्कम दोनशेच्या आसपास कमी पडली म्हणून बँकेने सगळी रक्कम नुसती बाजूला ठेवून दिली. कर्ज चालू, ऑटो-पे चालू. टायटल कंपनीला फोन केला तर उत्तर ठरलेलं: क्लोजिंगचं काम संपलंय, पोस्ट-क्लोजिंगला ईमेल करा. पोस्ट-क्लोजिंग म्हणजे एक ईमेल पत्ता. माणूस नाही. अकरा ईमेल झाले. शेवटी मीच बँक आणि ते असे दोघे एका कॉलवर आणले तेव्हा फरक त्यांनी भरला. जादा हप्ता परत आला. बँक टॅक्स आणि विम्यासाठी हप्त्यातून पैसे जमवते त्या एस्क्रो खात्यातली शिल्लक कर्ज फिटल्यापासून कामाच्या वीस दिवसांत परत यायला हवी असा नियम आहे; तीही आली, पण ते वीस दिवस सुरूच मे महिन्यात झाले. बोजा उतरल्याचा दाखला, म्हणजे रिलीज, काऊंटीत (इथली जिल्हा कचेरी) नोंदला गेला ऑगस्टमध्ये.

म्हणून जूनच्या खरेदीला मी स्वतः फोन फिरवले. तीन कंपन्या, तेच प्रश्न. माझी फाईल कोण बघणार, त्यांचा थेट नंबर काय, त्या रजेवर गेल्या तर कोण, आणि क्लोजिंगनंतर दोन महिन्यांनी काही निघालं तर फोन कोणी घ्यायचा. दोघांनी "आमची टीम आहे" म्हणून सांगितलं. तिसरीकडे रिसेप्शनने फोन थेट फाईल सांभाळणाऱ्या एस्क्रो ऑफिसरला दिला आणि ती बाई म्हणाली, "क्लोजिंगनंतरही मीच, दुसरं कोणी नाही." तिथे करायचं ठरलं. पॉलिसीवर अंडररायटर, म्हणजे मागची मूळ विमा कंपनी, कोण असेल तेही विचारलं होतं, कारण कोपऱ्यावरचं ऑफिस बहुधा एजंट असतं आणि दाव्याचे पैसे द्यायचे ते अंडररायटरने. फर्स्ट अमेरिकन, फिडेलिटी नॅशनल, ओल्ड रिपब्लिक आणि स्टुअर्ट ही त्यातली मोठी नावं. स्टुअर्ट तर मूळची टेक्ससचीच, १८९३ ला गॅल्व्हस्टनमध्ये सुरू झालेली. यातलं कुठलंही असलं तर माझी हरकत नव्हती.

टायटल कमिटमेंट म्हणून, कंपनी कुठल्या अटींवर पॉलिसी देईल ते सांगणारा, जो गठ्ठा येतो तो बहुतेक जण उघडतही नाहीत. त्यात ए मध्ये नाव आणि रक्कम, बी मध्ये पॉलिसी कशाकशाला लागू नाही त्याची यादी, सी मध्ये क्लोजिंगच्या आधी निस्तरायच्या भानगडी. आमच्या सी मध्ये दोन निघाल्या. एक, विकणाऱ्यांनी २००६ साली याच घराच्या तारणावर काढलेलं होम इक्विटी कर्ज. ते त्यांनी कधीच फेडलं होतं, पण बोजा उतरवल्याची नोंद नव्हती आणि ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. मला आमच्या तासगावच्या शेताची आठवण झाली. सोसायटीचं कर्ज फिटून बारा वर्षं झाली तरी सातबाऱ्यावरचा बोजा तसाच होता आणि बाबा तलाठ्याकडे खेपा घालत होते. इथे खेपा या बाईने घातल्या, नऊ दिवसांत रिलीज मिळवला. दुसरी भानगड आमचीच. नवऱ्याच्या नावावर क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचा कोर्टाचा निकाल काऊंटीत नोंदलेला! पाटील आडनाव आणि पाळण्यातलं नावही चारचौघांसारखं, त्यामुळे तो दुसराच कोणी पाटील होता. 'तो मी नव्हेच' छापाचं प्रतिज्ञापत्र आणि सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे देऊन सुटलो.

बी मधली एक ओळ मात्र तिने मुद्दाम बोलावून दाखवली. सर्व्हेचा नकाशा टेबलावर पसरला, पारदर्शक पट्टी ठेवली आणि मागच्या कुंपणापासून दहा फुटांवर पेन्सिलने रेघ ओढली. ती पट्टी युटिलिटी इझमेंटची, म्हणजे वीज-पाण्याच्या लाइनींसाठी राखलेली, तिथे पक्कं काही बांधता येणार नाही. विकणाऱ्यांची लाकडी शेड तिच्यात चार फूट घुसलेली होती, आणि आमच्या मनातला मागचा छपरी ओटा तर अख्खाच तिथे येत होता. घर आम्ही तरीही घेतलं, पण शेड त्यांना काढायला लावली. ओटा आता बाजूला होतोय. हप्त्याच्या पाच टक्के जादा भरून सर्व्हेतल्या हद्दीच्या चुकांचं कव्हर वाढवून मिळतं. दीडशेच्या आत काम होतं, घ्या.

क्लोजिंगच्या दोन दिवस आधी एक ईमेल आला: बँक खातं बदललंय, नवीन खात्यावर वायर करा. लोगो तोच, सही तीच, आमचा फाईल नंबरसुद्धा बरोबर. पत्त्यात एक अक्षर जास्त होतं. तिने पहिल्याच भेटीत बजावलं होतं की वायरचा तपशील ती कधीच बदलणार नाही, आणि पाठवण्यापूर्वी तिच्या कार्डावरच्या नंबरवर फोन करून आकडा न् आकडा वाचून घ्यायचा. तिने हे सांगितलं नसतं तर एक लाखाचं डाउन पेमेंट गेलं असतं. मी स्वतःला हुशार समजते, तरीही.

तिच्या कंपनीचं सगळं गोडच होतं असं नाही. त्यांचं पोर्टल दर दोन दिवसांनी पासवर्ड मागायचं. सर्व्हेवाला उशिरा आला म्हणून क्लोजिंग चार दिवस पुढे गेलं. सगळे कागद ईमेलने आलेले असताना कुरियरचे पैसे दोनदा लावले होते, विचारल्यावर एकदाचे परत केले. कोणी विचारलंच नाही तर ते तसेच राहत असावेत.

नंतरचं सांगते. नोंदणी झालेलं डीड तिसऱ्या दिवशी ईमेलवर, पॉलिसी पाच आठवड्यांत. अधूनमधून 'तुमच्या डीडची अधिकृत प्रत ९९ डॉलरमध्ये' अशी सरकारी वाटणारी पत्रं येतात, ती कचऱ्यात टाका. काऊंटी क्लार्क पानामागे एखाद्या डॉलरला प्रत देतो. डिसेंबरात टॅक्सचं बिल आलं. इथे टॅक्स वर्षाच्या शेवटी भरायचा, ३१ जानेवारीपर्यंत, म्हणून क्लोजिंगला विकणारा त्याच्या वाट्याचे पैसे आपल्याला देऊन जातो. तो हिशेब गेल्या वर्षीच्या बिलावर केलेला असतो आणि आमचं नवीन बिल वाढलेलं निघालं. करारात फरक नंतर मिटवायची तरतूद असतेच, पण वसूल कोण करणार? मी त्या बाईला फोन केला, तिने विकणाऱ्यांना आकडेमोड पाठवली, आठवड्यात ३१२ डॉलरचा चेक आला. पहिल्या कंपनीच्या बाबतीत आम्ही विकणारे होतो. तिथला हिशेब अजून कोणी केलेला नाही, आणि मी आठवणही करून दिलेली नाही.

भारतात कायमचे परत गेलेल्यांसाठी एक मुद्दा. करापुरते तुम्ही परदेशी ठरत असाल तर इथलं घर विकताना किमतीच्या १५ टक्के रक्कम कापून आयआरएसकडे, म्हणजे इथल्या आयकर खात्याकडे, जाते. खरेदीदार स्वतः राहणार असेल तर तीन लाखांपर्यंत काही नाही, दहा लाखांपर्यंत दहा टक्के. लक्षात घ्या, हे नफ्यावर नाही, किमतीवर. कमी कापून घेण्यासाठीचा अर्ज क्लोजिंगच्या दिवसापर्यंत करावा लागतो. पुण्याला परतलेल्या आमच्या एका मित्राला हे क्लोजिंगच्या आदल्या रात्री कळलं, आणि ते पैसे त्याला पुढच्या वर्षी रिटर्न भरल्यावर मिळाले.

गेल्या महिन्यात त्या बाईचा ईमेल आला, तिने कंपनी बदलली आहे, हा नवा नंबर. मी आधी जुन्या ऑफिसला फोन करून खात्री केली, मग नंबर सेव्ह केला. नणंद या उन्हाळ्यात फ्रिस्कोला घर बघतेय, तिलाही पाठवलाय.