१० पट दाखवणारं घडीचं भिंग: फवारणीची बाटली उचलायच्या आधी हे घ्या

गुलाबाच्या कळ्यांवर मावा पडला म्हणून हे घेतलं, नक्की कसली कीड आहे ते कळावं एवढंच डोक्यात होतं, पण आता दोन महिने झाले आणि रोज सकाळी मी त्या एकाच कुंडीपाशी अर्धा तास असतो.

आधी वस्तूबद्दल. धातूची बॉडी, घडी होऊन खिशात मावतं, आत तीन काचा जोडलेल्या आहेत म्हणून कडेपर्यंत स्वच्छ दिसतं, रंगाची झालर येत नाही. पण वापरायचं कसं हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नाही आणि ही मोठी उणीव आहे. भिंग डोळ्याला अगदी लावून धरायचं आणि पान जवळ आणायचं, साधारण अडीच सेंटीमीटरवर फोकस लागतो. मी दोन दिवस हात लांब करून बघत होतो, वाटलं माल खराब आला. आणि ३० पटीच्या नादाला लागू नका, आधी तसलं घेतलं होतं, अंधुक दिसतं आणि जरा हात हलला की किडा गायब.

आता खरं सांगायचं ते. साध्या डोळ्याला मावा म्हणजे हिरवे ठिपके, भिंगातून बघितलं तर सोंड देठात खुपसून रस पिणारे, मागे दोन बारीक नळ्या असलेले जिवंत प्राणी. एक मादी पिल्लाला जन्म देताना दिसली, अंडं नाही, थेट पिल्लू, आधी मागची बाजू बाहेर आली आणि पाय मोकळे झाल्यावर ते लगेच चालायला लागलं. नराची गरजच नाही, म्हणून तर आठवड्यात कळी भरून जाते.

मग मुंग्या. मुंगी येते, मिशांनी माव्याच्या पाठीवर हलकेच थोपटते, मावा मागून गोड पाण्याचा थेंब सोडतो, मुंगी तो पिऊन पुढच्याकडे जाते, अगदी गाई दोहल्यासारखं. बदल्यात राखणही करते. ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्ड बीटलची अळी (काळी, अंगावर नारिंगी ठिपके, मगरीसारखी दिसते, बरेच लोक कीड समजून हिलाच मारतात) वर चढली की चार मुंग्या तिच्यावर धावून जातात, चावतात, आणि अळी खाली पडते. हे बघितल्यावर मी कुंडी पाणी भरलेल्या ताटलीत विटेवर ठेवली, भिंतीला टेकलेली फांदी सोडवली, म्हणजे मुंग्यांना वर जायला वाटच उरली नाही. आठ दिवसांत दोन अळ्यांनी एक अख्खी कळी साफ केली. थेंब पिऊन टाकणाऱ्या मुंग्या गेल्यामुळे गोड रस पानांवर पडून थोडी काळी बुरशी आली तेवढी, ती ओल्या फडक्याने पुसली.

सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पानावर फुगलेले, तपकिरी, न हलणारे मावे असतात ना, ती पानं मी कायम रोगट म्हणून तोडून टाकायचो. भिंगातून एकाच्या पाठीवर नीट गोल भोक दिसलं, कडेला छोटं झाकण लटकलेलं. ती परजीवी गांधीलमाशी बाहेर पडल्याची जागा! मिलिमीटर दोन मिलिमीटरची ही माशी जिवंत माव्यात अंडं घालते, तिची अळी त्याला आतून खाते आणि माशी होऊन तिथून बाहेर पडते. म्हणजे माझी मदत करणारी पुढची पिढीच मी इतके दिवस कचऱ्यात टाकत होतो, आणि विषारी औषध मारलं असतं तर उरलेलीही गेली असती.

या भिंगातून सगळं दिसत नाही हे पण खरं. झाडाच्या रसात साखर भरपूर पण गरजेची अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) कमी, ती माव्याच्या पेशींत राहणारे जिवाणू बनवून देतात, त्यासाठी मायक्रोस्कोपच लागेल.

५ पैकी ४. एक मार्क खोक्यावर माहिती नाही म्हणून कापला, आणि दोरी सोबत येत नाही ती आठवणीने वेगळी बांधा, माझं दोनदा मातीत पडलं.