दोन्ही 'रायझन ५', मग फरक कुठे? लॅपटॉप घेण्याआधी

पुतणीच्या कॉलेजसाठी लॅपटॉप बघायला गेलो, तर शेजारीशेजारी दोन ठेवलेले. दोघांवरही एएमडी कंपनीच्या 'रायझन ५' प्रोसेसरचं स्टिकर. दुकानदार म्हणाला, "दोन्ही सेमच आहेत, साहेब." सेम नव्हते. एकात ७५२०यू नंबरचा प्रोसेसर होता, दुसऱ्यात ७५३०यू.

एएमडीच्या ७००० मालिकेत पहिला अंक वर्षाचा असतो. ७ म्हणजे २०२३. पण बघायचा तो तिसरा अंक. तो आतली रचना सांगतो; एएमडी तिला 'झेन' म्हणते. २ असेल तर आत झेन २, म्हणजे २०१९ची रचना. ३ असेल तर झेन ३ किंवा तिची सुधारित आवृत्ती, ४ असेल तर झेन ४. ७५२०यूमध्ये ४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि ४ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी), ७५३०यूमध्ये ६ कोअर आणि १६ एमबी. मधल्या एका अंकाने एवढा फरक पडतो! शिवाय ७५२०यूची रॅम मदरबोर्डलाच पक्की जोडलेली असते, बदलता येत नाही. ८ जीबीचा घेतलात तर कायम ८ जीबीच. 'रायझन ३' नावाच्या ७३२०यूमध्येही तेच ४ कोअर आहेत, वेग तेवढा थोडा कमी. अशा वेळी स्टिकरवरच्या ५ साठी जास्त पैसे मोजू नका.

डिसेंबर २०२३मध्ये प्रतिस्पर्धी इंटेलने एका सादरीकरणात याच ७५२०यूवरून, जुनी रचना नव्या नावाने विकते म्हणून, एएमडीवर झोड उठवली. मुद्दा बरोबर होता. पण पुढच्याच महिन्यात इंटेलने स्वतः 'कोअर ५ १२०यू' आणला. नाव नवं, आतली रचना आदल्या वर्षीच्या आय५-१३३५यूचीच: २ मोठे आणि ८ छोटे कोअर. कमाल वेग ४.६वरून ५ गिगाहर्ट्झ झाला, इतकंच. १३३५यू स्वस्तात मिळत असेल तर बेलाशक घ्या.

नवी रचना हवी असेल तर इंटेलमध्ये 'अल्ट्रा' शब्द शोधा, आणि तिथेही शेवटचं अक्षर वाचा. अल्ट्रा ५ २२५यू आणि २२६व्ही जुळे भाऊ वाटतात, पण २२५यू ही आदल्या पिढीचीच सुधारित आवृत्ती. २२६व्हीची घडण निराळी. कोअर १२ऐवजी ८, तरी बॅटरी आणि ग्राफिक्ससाठी मी तोच निवडेन. त्याची १६ जीबी रॅम मात्र चिपसोबतच येते, वाढवता येत नाही. ३२ हवी असेल तर २२८व्ही.

मला एएमडीची पद्धत त्यातल्या त्यात बरी वाटते, कारण किल्ली माहीत असेल तर नावातूनच उत्तर मिळतं. इंटेलच्या १२०यूकडे कितीही वेळ बघा, काही कळत नाही. 'रायझन एआय ३००' या मालिकेपासून मात्र एएमडीनेही ती किल्ली काढून घेतली, याचं वाईट वाटतं.

नोट्स, ब्राउझर, यूट्यूब एवढंच काम असेल तर ७५२०यू १६ जीबी रॅमसह चालेल. कोडिंग किंवा व्हिडिओ एडिटिंग असेल तर निदान ७५३०यू किंवा १३३५यू. पुतणीला ७५३०यूच घेतला. बिलावर फक्त 'रायझन ५' लिहिलं होतं. पूर्ण नंबर घालून घेतला, मगच पैसे दिले.