‘वहिनी, टेन्शन घेऊ नका’ म्हणणारा सिटिझनशिप एजंट

इंग्लंडमधल्या रेडिंग-स्लाउ पट्ट्यातल्या मराठी घरांत एक गृहस्थ ब्रिटिश सिटिझनशिपचे फॉर्म भरून देतात. बोलणं गोड, सातारकडचं. मला वहिनी, नवऱ्याला दादा. गणपतीच्या एका कार्यक्रमात ओळख झाली. पुढच्या आठवड्यात चहाला आले ते दहा-बारा कुटुंबांचे फोल्डर घेऊनच, वरची नावं आम्हाला दिसतील असे धरून. ते फोल्डर दाखवण्यासाठीच होते, असं आता वाटतं.

आमचं आयएलआर, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी, होऊन वर्ष उलटलं होतं. नागरिकत्वासाठी लागणारी लाइफ इन द यूके टेस्टही दोघं पास झालो होतो. २४ प्रश्न, ४५ मिनिटं. आठव्या हेन्रीच्या सहा बायका मला अजून क्रमाने पाठ आहेत. उरला होता ऑनलाइन फॉर्म, दोन रेफरी (आपल्याला ओळखतो असं लिहून देणारे) आणि बायोमेट्रिक. पण या माणसाने ते असं काही रंगवून सांगितलं की त्याच्याशिवाय आमचं पान हलणार नाही.

पहिली थाप ‘प्रायॉरिटी’ची. व्हिसा आणि आयएलआरला जादा पैसे भरून लवकर निकाल मिळतो हे आपण ऐकलेलं असतं, म्हणून ती चटकन पटते. नॅचरलायझेशनला, म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जाला, अशी सोयच नाही. निकालाला साधारण सहा महिने धरायचे, कधी जास्तही लागतात. याने त्या नसलेल्या सोयीचे माणशी ५०० पौंड लावले, तेही रोख. सरकारी फी तेव्हा माणशी १,७३५ पौंड होती, नागरिकत्वाच्या शपथेच्या समारंभाचे १३० धरून. म्हणजे दोघांचे ३,४७०. “माझ्या खात्यावर टाका, मी माझ्या पोर्टलवरून भरतो.” असलं कुठलंही पोर्टल नसतं. गव्ह डॉट यूके या सरकारी वेबसाइटवर अर्ज सबमिट करतानाच ही फी भरतात, आणि ती आपल्या कार्डाने भरता येते.

पैशांपेक्षा घातक पुढचा भाग आहे. सासऱ्यांच्या आजारपणात मी पुण्याला बरीच राहिले होते. अर्जाआधीच्या पाच वर्षांत ब्रिटनबाहेर राहायच्या ४५० दिवसांच्या मर्यादेत मी होते, पण शेवटच्या बारा महिन्यांसाठीच्या ९० दिवसांच्या मर्यादेच्या थोडं वर गेलं. त्यावर हा म्हणतो, “वहिनी, टेन्शन घेऊ नका. तुम्हाला दादांच्या मागे तीन वर्षांच्या रूटमध्ये टाकतो.” तो रूट अर्जाच्या दिवशी ज्यांचा जोडीदार ब्रिटिश नागरिक आहे त्यांच्यासाठी. माझा नवरा त्या दिवशी माझ्याइतकाच भारतीय होता! शिवाय ९० दिवसांचा नियम त्या रूटलाही आहेच. नवरा-बायकोचा एकत्र अर्जही नसतो, प्रत्येकाचा वेगळा. हे विचारलं तर हसून विषय बदलला.

मग मी भरलेला फॉर्म बघायला मागितला. त्यात माझी पुण्याची एक अख्खी फेरी गायब होती. न विचारता, न सांगता.

तो फॉर्म तसाच गेला असता तर? खोटी माहिती दिसली की ‘गुड कॅरेक्टर’च्या, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या, मुद्द्यावर अर्ज फेटाळतात, आणि तो डाग सहसा दहा वर्षं पुसत नाही. फीमधले समारंभाचे तेवढे परत मिळतात. नागरिकत्व मिळाल्यावर लबाडी उघडकीला आली तर ते काढूनही घेता येतं. एजंट नामानिराळा राहतो, कारण फॉर्म आपल्या नावाचा असतो. आणि चीड याची येते की ९० वरचे थोडे दिवस, शंभरपर्यंत, बाकी सगळं नीट असेल तर अधिकारी सहसा माफ करतात. खोटं लिहायची गरजच नव्हती.

नशिबाने फॉर्म गेलाच नव्हता. आला होता तो होम ऑफिसचा लोगो चिकटवलेला एक पीडीएफ, ‘अर्ज मिळाला’ म्हणून. बायोमेट्रिकचं विचारलं की “स्लॉट मिळत नाहीये.” शेवटी नवऱ्याने नोंदणीचा दाखला मागितला. दाखला आला ओआयएससी या इमिग्रेशन सल्लागारांची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या नावाचा, तारीख २०२५ च्या उन्हाळ्यातली. त्या संस्थेचं नाव जानेवारी २०२५ मध्येच बदलून इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटी झालं आहे! त्यांची यादी वेबसाइटवर कुणालाही बघता येते. तिच्यात हा कुठेच नव्हता. सॉलिसिटर वगैरे सोडले तर नोंदणीशिवाय हा धंदा करणं इथे गुन्हा आहे, १९९९ च्या कायद्याने.

त्याला दिलेले पैसे परत मागायला गेलो तर बँक आधी म्हणाली, हा तुमचा आणि त्याचा व्यवहाराचा वाद. खोटं पत्र आणि खोटा दाखला जोडल्यावर सूर बदलला. ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीत खात्यातून पाठवलेले पैसे बँकांना परत द्यावे लागतात, मर्यादा ८५,००० पौंड. त्यातले १०० पौंड बँक कापू शकते, आमचे कापले. रोख दिलेले मात्र बुडाले.

जाता जाता अजून एक. “भारताचा पासपोर्ट गुपचूप राहू द्या, कोण बघतंय,” हाही त्याचाच सल्ला. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. ब्रिटिश झाल्यावर तो सरेंडर करून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड, घ्यायचं असतं. लपवून वापरला तर गुन्हा.

त्याला पैसे दिलेले आणखी कोणी असाल तर व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका. त्याने भरलेला फॉर्म आजच मागून घ्या आणि परदेशवाऱ्यांच्या तारखा पासपोर्टच्या शिक्क्यांशी एकेक करून ताडून बघा. बँकेकडे दावा शेवटचा हप्ता पाठवल्यापासून १३ महिन्यांच्या आत करावा लागतो, आणि अथॉरिटीकडे तक्रार करायला वकील लागत नाही.