दारूबंदीच्या गावात वाइनचं पुस्तक

भाचीचा प्रश्न सरळ होता. "मावशी, दोन्हींतलं एकच घ्यायचं तर कुठलं?" दोन्ही पुस्तकं माझ्याकडे बडोद्याला दांडिया बाजारच्या घरात शेजारीशेजारी उभी आहेत, दोन्ही इंग्रजी, दोन्ही फ्रान्सची. कर्मिट लिंचचं 'ॲडव्हेंचर्स ऑन द वाइन रूट' 1988चं, आणि रिचर्ड ओल्नीचं 'लुलूज प्रोव्हांसाल टेबल' 1994चं. एक वाइन विकणाऱ्याची भटकंती, दुसरं एका घरचा स्वयंपाक. फोटो दोन्हींत गेल स्कॉफचे, म्हणजे लिंचच्या बायकोचे. शिवाय दोन्ही पुस्तकं दक्षिण फ्रान्समधल्या बांदोलजवळच्या एकाच घरात जातात, दोमेन तांपिए नावाच्या वाइनच्या मळ्यावर. लिंच तिथे तळघरातून शिरतो, ओल्नी चुलीपाशी बसतो.

आधी वाइनचं. गुजरातेत 1960पासून, राज्य झालं तेव्हापासून दारूबंदी. मग बडोद्यात बसून हे पुस्तक वाचायचं कशाला, असं भाचीच्या नवऱ्याने विचारलंच. माझं उत्तर असं, की प्यायला मिळत नाही म्हणूनच ते इथे जास्त चांगलं वाचलं जातं. बाटली समोर नसली की माणूस चवीची वर्णनं भराभर मागे टाकतो आणि भांडण वाचतो. आणि लिंच भांडतो छान. बर्कलीत 1972मध्ये दुकान काढलेला हा माणूस ल्वारपासून शाब्लीपर्यंत, फ्रान्सच्या एकेका वाइन-प्रांतातली तळघरं हिंडतो. वाइन गाळून गाळून स्वच्छ करण्याची जी खोड लागली आहे, तिच्यावर त्याचा मुख्य राग. गाळणीतून गाळासोबत चवही जाते, हे त्याचं म्हणणं.

हे समजायला बडोदेकराला फ्रान्स लागत नाही. वर्षाचा सिंगतेलाचा डबा भरताना आमच्या घरी हाच वाद होतो: फिल्टर की रिफाइंड? गंमत म्हणजे आपल्याकडे 'फिल्टर' हा चांगला शब्द, शेंगदाण्याचा वास राखणारा. लिंचकडे तीच शिवी. दुसरा त्याचा हट्ट, वाइन समुद्रापार न्यायची तर थंड कंटेनरमधूनच, नाहीतर ती वाटेत शिजते. मे महिन्यात कोकणातून मागवलेली हापूसची पेटी उघडून ज्याने वरच्या थरावर हात फिरवला आहे त्याला हे पटवावं लागणार नाही.

माणसंही आहेत. ऱ्होन नदीकाठच्या एर्मिताज या उभ्या टेकडीवरचं शाव घराणं 1481पासून द्राक्षं करतं. गायकवाड बडोद्यात यायला त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षं गेली. मात्र लिंच ठाम मतांचा माणूस आहे, आणि तंत्रज्ञ लोकांना तो फारशी संधी देत नाही. सलग वाचलं तर मधेच कंटाळा येतो. एका रात्री एक प्रांत, एवढंच वाचावं.

आता लुलू. लुलू पेरो, तांपिएच्या त्या घरची मालकीण, सात मुलांची आई, 2020मध्ये 102 वर्षांची होऊन गेली. ओल्नी मूळचा अमेरिकेतल्या आयोवाचा, पुढे प्रोव्हान्सलाच, म्हणजे फ्रान्सच्या त्या दक्षिण भागात, घर करून राहिलेला, त्यामुळे या घरातला पाहुणा कमी आणि माणूस जास्त. पाककृतींच्या मधे लुलूचं बोलणं येतं, तीच खरी मजा. पण 'रुचिरा'वर वाढलेल्यांनी सावध राहावं. कमलाबाई ओगल्यांनी 1970मध्ये वाटी-चमच्याचं माप हातात दिलं, आणि त्या शिस्तीने आपण स्वयंपाकाची पुस्तकं वाचतो. इथे माप असलं तरी भर हातावर आणि नाकावर आहे.

आणि अर्धं पुस्तक आपल्या बऱ्याच घरांत चालणारच नाही. लाकडाच्या जाळावर मोठ्या कढईत मासे, दोरीने टांगून आगीसमोर भाजलेली मेंढ्याची तंगडी, ठिकठिकाणी वाइन. उरतं ते मात्र इथलंच वाटतं. पिस्तूचं सूप, म्हणजे भाज्या-दाण्यांच्या सुपात लसूण आणि तिकडच्या तुळशीचं (बेझिलचं) वाटण, मी थंडीत केलं. खंडेराव मार्केटमधून ओले वालाचे दाणे आणले, तिकडच्या कोर्जेटऐवजी (झुकिनीऐवजी) कोवळा दुधी घेतला. आपली तुळस घालून फसले, तुळशीचा उग्रपणा वरचढ होतो. दुसऱ्यांदा कुंडीतल्या सब्जाची पानं लसणाबरोबर खलात कुटली, सूप उतरवल्यावर कालवली, आणि झाकण काढताच जो वास आला त्याने शेजारच्या काकू विचारायला आल्या.

आयोलीची, म्हणजे तिकडच्या लसणाच्या घट्ट चटणीवजा सॉसची, गोष्ट वेगळी. लसूण, अंड्याचा पिवळा बलक आणि थेंबथेंब तेल, सगळं खलातच घोटायचं. मी घाईत धार सोडली आणि ती फाटली. तेल बाजूला, बलक बाजूला. नवा बलक घेऊन फाटलेलं त्यात थेंबाथेंबाने घोटलं तेव्हा परत जमून आली. त्या दिवशी मनगट दुखलं, पण कुठलं पुस्तक शिकवतं आणि कुठलं नुसतं सांगतं ते कळलं.

म्हणजे चुलीपाशी उभं राहायची हौस असेल, घरात अंडं आणि मासे चालत असतील, तर लुलू. त्यात दुसरा विचार नको. रात्री अंथरुणात वाचायचं असेल तर लिंच. भाचीच्या सासरी अंडंही चालत नाही, शिवाय ती नोकरीवरून साडेआठला येते. तिला मी लिंच घ्यायला सांगितलं. 'मग सूप?' म्हणाली. ते एक पान मी लिहून देईन म्हटलं.

तिने लिंच मागवलं, आणि जाताना माझं लुलूही पिशवीत टाकलं. सासूबाईंसमोर उघडू नकोस एवढंच सांगितलं. मधल्या पानावरचा पिवळा डाग हळदीचा नाही.