कोल्हापुरातून परदेशी पार्सल: पोस्टाची खिडकी की शाहूपुरीतला एजंट?

चप्पल लाईनीतले दोन जोड, अर्धा किलो चटणी आणि एक किलोचा गुळाचा रवा, म्हणजे छोटी ढेप. कोल्हापुरातून परदेशी जाणारं खोकं बहुतेक वेळा असंच असतं. ते पाठवायला दोन वाटा: पोस्टाची आंतरराष्ट्रीय सेवा, नाहीतर शाहूपुरी-राजारामपुरीतले कुरिअर एजंट. घरगुती पार्सलला पोस्ट बरं, पाचपैकी चार गुण. एजंटांना सरसकट गुण देता येत नाहीत, कारण सगळा फरक ते कागद कसे भरतात यात आहे.

पोस्टात दोन किलोपर्यंतच्या छोट्या पाकिटाला सीएन २२ आणि पार्सल किंवा ईएमएस म्हणजे परदेशी स्पीड पोस्टला सीएन २३ हा कस्टम्सचा फॉर्म लागतो. खिडकीवरचा माणूस तो तपासतो, पण वस्तूचं वर्णन तुम्हीच लिहायचं असतं, आणि घोळ होतो तो तिथेच. ‘गिफ्ट आयटम’, ‘फूड’, ‘फुटवेअर’ असं मोघम लिहिलेलं पार्सल उघडून बघावं लागतं. हीच माहिती पार्सलच्या आधी संगणकावरून पलीकडच्या देशात पोचते, त्यामुळे ‘नंतर बघू’ याला वाव नाही. प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत लिहा: काय आहे, कशाची आहे, किती नग, वजन, किंमत, मूळ देश. चपलेसाठी ‘हँडमेड लेदर सँडल्स, २ जोड’ पुरे. तिचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्सच्या वर्गवारीतला मालाचा आकडा, ६४०३.२०. या कोडची व्याख्याच चामडी तळ, पायावरून जाणारे चामडी पट्टे आणि अंगठ्याभोवतीचा पट्टा अशी आहे. कोल्हापुरी समोर ठेवून लिहिल्यासारखी!

आता चटणी. आपण कांदा-लसूण मसाल्याला चटणी म्हणतो. फॉर्मवर तेच लिहिलं की पलीकडचा अधिकारी ओली, बाटलीतली चटणी समजतो. ‘मिक्स्ड स्पाइस पावडर’ लिहा आणि पुढे घटक द्या. मसाल्याला तेल सुटतं, म्हणून जाड पिशवी हवाबंद करून वर दुसरी पिशवी घाला. साधी पिशवी सहा-आठ दिवसांत खोक्याच्या तळाला लाल डाग पाडते, आणि डाग पडलेलं खोकं आधी बाजूला काढलं जातं.

चपलांचं उलट आहे. त्या प्लास्टिकमध्ये घट्ट बांधू नयेत. पावसाळ्यात इथली हवा इतकी दमट असते की चामड्याला वाटेतच बुरशी धरते. नुकतं तेल लावलेला जोड दोन दिवस सावलीत वाळवा, कागदात गुंडाळा, सिलिका जेलची पुडी टाका.

पुष्कळ पार्सलं अडकतात ती धोकादायक मालाच्या नियमांत, आणि तीही चांगल्या घरची दिवाळीची खोकी. उटणं आणि साबण चालतात. परफ्यूमची बाटली नाही, कारण तो ज्वलनशील द्रव, धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीतला वर्ग ३. डिओचा डबा वर्ग २. पूजेच्या सामानातला कापूर वर्ग ४.१ मध्ये येतो, त्या यादीतला यूएन क्रमांक २७१७. फुलबाजे म्हणजे थेट वर्ग १, स्फोटक. आणि सुकं खोबरं? हो, तेही. यूएन १३६३, वर्ग ४.२: तेलकट खोबरं आपोआप तापत जाऊन पेट घेऊ शकतं. वाट्या पाठवू नका. चप्पल दुरुस्तीचं सोल्यूशन सोबत टाकण्याची हौसही नको, ते वर्ग ३.

पॉवरबँक म्हणजे सुटी लिथियम बॅटरी, यूएन ३४८०. प्रवासी विमानातून माल म्हणून ती नेण्यावर १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. पोस्टात ती देऊच नका. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-अवर, १०० च्या आत, म्हणून चालेल, हा हिशेब प्रवाशाच्या हातातल्या बॅगेचा आहे, पार्सलचा नाही. एक्स-रेमध्ये अशी वस्तू दिसली की फक्त तीच निघत नाही, सगळं खोकं थांबतं. जुनं खोकं वापरत असाल तर त्यावरचं बॅटरीचं किंवा ज्वालेचं चिन्ह खरवडून काढा. आत चपलाच असल्या तरी त्या चिन्हावरून खोकं अडतं.

पेढे, खवा, तूप ब्रिटन, युरोप आणि ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या खोक्यात नकोत. दुग्धजन्य पदार्थांवर तिकडे कडक निर्बंध आहेत. मटणाचं लोणचं तर कुठेच सुचवणार नाही.

करमाफीची मर्यादा देशागणिक वेगळी. माणसाने माणसाला पाठवलेली भेट ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंत आणि युरोपीय संघात ४५ युरोपर्यंत सुटते. अमेरिकेची ८०० डॉलरपर्यंतची माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून गेली. त्या सुमारास पोस्टाने अमेरिकेची सेवा थांबवली होती. १५ ऑक्टोबर २०२५ ला ती पुन्हा सुरू झाली, ती शुल्क इथेच आधी भरून घेण्याच्या पद्धतीने. शुल्काचे दर बदलत राहतात, म्हणून पैसे मोजण्याआधी त्या दिवसाचा दर विचारा.

एजंटांकडे दोन प्रश्न विचारले की माणूस कळतो. पहिला: वजन कसं धरणार? कुरिअरमध्ये लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात, आणि प्रत्यक्ष वजनापेक्षा ते जास्त आलं तर पैसे त्याचे. ३५ × २५ × २० चं खोकं म्हणजे साडेतीन किलो. तेच दोन जोड तळाला तळ लावून, टाचेकडे पंजा करून ३२ × २४ × १२ मध्ये बसवले तर १.८४ किलो. दुकानातला चपलेचा डबा तसाच आत टाकणं म्हणजे हवेचं भाडं भरणं.

दुसरा प्रश्न: बिल सीएसबी ४ की सीएसबी ५? सीएसबी म्हणजे कुरिअरने जाणाऱ्या मालाचं कस्टम्सचं बिल. चार हे भेटवस्तू आणि नमुन्यांसाठी, पाच हे विक्रीच्या मालासाठी. तुम्ही चपला विकताय आणि एजंट ‘सोपं पडतं’ म्हणून चारवर पाठवतोय, तर परदेशातून आलेल्या पैशाचा निर्यातीशी मेळ बसत नाही आणि जीएसटीचा परतावाही अडतो. किंमत पाडून लिहिणारा एजंट तर टाळाच. पार्सल हरवलं तर भरपाईही त्याच पाडलेल्या किमतीवर.

धंद्याला आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी क्रमांक, लागतो. डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर ५०० रुपयांत मिळतो, पण काही बदल नसला तरी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो अद्ययावत करावा लागतो, नाहीतर बंद पडतो. विक्रीचा मसाला असेल तर स्पाइसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणीही हवी. छोट्या विक्रेत्यांसाठी पोस्टाच्या डाक निर्यात केंद्राची सोय आहे: पोर्टलवर नोंदणी करून निर्यातीचं बिल घरीच भरायचं, बारकोडचं लेबल छापायचं, माल केंद्रावर द्यायचा. महिन्याला दहा-पंधरा जोड पाठवणाऱ्याला एजंटापेक्षा हे सरस.

खिडकीवर जाताना आधारची प्रत, घेणाऱ्याचा फोन आणि पूर्ण पिनकोड, आणि चिकटपट्टी सोबत घ्या. खोकं घरून पक्कं बंद करून नेऊ नका. आत काय आहे ते दाखवावं लागतं, आणि पाच पदरी चिकटपट्टी तिथे नखांनी सोडवत बसण्यात सकाळ जाते.