ऑफिसचं एआय ट्रेनिंग, काही महिन्यांनंतर: व्हिडिओ एक तारा, क्लिनिक पाच

एआय कौशल्यांच्या कोर्सचं सर्टिफिकेट संपत आलंय, कोर्स पुन्हा पूर्ण करा, असा मेल पोर्टलवरून आला आणि मी हा रिव्ह्यू लिहायला बसले. सर्टिफिकेटला मुदत असते, मान्य. पण प्रोग्रेस शून्यावर आणून ठेवलाय, आणि व्हिडिओ तेच, एक अक्षर न बदललेले. हे क्षेत्र दर काही महिन्यांनी बदलतं असं पहिल्याच धड्यात बजावणाऱ्यांचा हा कोर्स!

पॅकेज काय असतं ते सांगत बसत नाही. थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच: व्हिडिओ, प्रत्येक धड्याला क्विझ, शेवटी सर्टिफिकेट आणि सोबत चॅट असिस्टंटचं लायसन्स. असिस्टंट चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार व्हिडिओंबद्दल आहे, आणि ती एकच आहे.

टॅब बदलला की व्हिडिओ थांबतो.

एवढंच? हो, एवढंच. पण ऐका. धड्यातला माणूस प्रॉम्प्ट, म्हणजे असिस्टंटला द्यायची सूचना, दाखवतो आणि म्हणतो, ‘आता हा प्रॉम्प्ट तुमच्या कामावर वापरून बघा.’ तुम्ही आज्ञाधारकपणे असिस्टंटच्या टॅबवर जाता. परत येता तर धडा पहिल्यापासून. स्क्रीनवरचा प्रॉम्प्ट कॉपी होत नाही, वेग वाढवता येत नाही, मधलं काही ओलांडता येत नाही. म्हणजे वापरायचं साधन शिकायचं ते हात बांधून. आणि गंमत अशी की ज्यांना शिकायचंच नाही त्यांना या कुलपाचा काहीच त्रास नाही. ते मोबाईलवर व्हिडिओ म्यूट करून लावतात आणि कॉम्प्युटरवर आपलं नेहमीचं काम उरकतात. शंभर टक्के पूर्ण! अडकतो तो फक्त करून बघणारा.

तिकीट टाकलं. आधी त्यांच्या मदत-चॅटबॉटने उत्तर दिलं: ‘सेटिंग्जमध्ये जाऊन सराव मोड चालू करा.’ सगळी सेटिंग्ज पालथी घातली. सराव मोड नावाची गोष्ट अस्तित्वातच नाही. एआय ठोकून देतं, तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका, हा याच कोर्सचा धडा. त्याचं प्रात्यक्षिक त्यांच्याच सपोर्टकडून मिळालं. बॉट चुकला तर जबाबदार कोण, हेही त्यांना ठाऊक असायला हवं. कॅनडात एअर कॅनडाच्या चॅटबॉटने प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं, तेव्हा २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने भरपाई कंपनीलाच द्यायला लावली. मग माणसाचं उत्तर आलं: ही त्रुटी नाही, सुविधा आहे, तुमच्या एचआरने निवडली आहे. एचआर म्हणतं, आम्ही काही निवडलं नाही, ते आधीपासूनच तसं होतं. तिकीट अजून या दोघांच्या मध्ये टोलवलं जातंय.

कोर्स करायलाच हवा हे पटवायला एचआरचं शेवटचं अस्त्र म्हणजे युरोपचा कायदा, कारण आमचं काही काम तिथल्या ग्राहकांचं असतं. म्हणून तोही वाचला. युरोपीय संघाच्या एआय कायद्याचं कलम ४ हे २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालं. एआय वापरणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांना त्याची पुरेशी जाण यावी यासाठी पावलं उचलावीत, आणि ती उचलताना त्यांचं ज्ञान, अनुभव, ट्रेनिंग आणि वापराचा संदर्भ लक्षात घ्यावा, असं त्यात आहे. सर्टिफिकेटचा त्यात उल्लेखही नाही, आणि टॅबचा तर नाहीच नाही. उलट ‘अनुभव लक्षात घ्या’ म्हटलंय, आणि आमच्याकडे आयटीवाल्याला आणि काल रुजू झालेल्याला एकच व्हिडिओ.

इथपर्यंतचा मजकूर लिहून ठेवला होता आणि एक तारा देऊन मोकळी होणार होते. पण त्याच आठवड्यात पुरवठादाराचं स्टेटमेंट जुळेना, म्हणून पॅकेजमधल्या ‘क्लिनिक’ला गेले. आठवड्यातून एक तास ऑनलाइन ट्रेनर बसतो, आपली फाइल घेऊन जायचं. मला वाटायचं, पुढचं पॅकेज गळ्यात मारायची युक्ती असेल. तसं काही निघालं नाही.

स्टेटमेंट मी असिस्टंटला दिलं होतं आणि त्याने नीटनेटका तक्ता करून खाली बेरीजही मांडली होती. बेरीज चुकीची. पुन्हा विचारलं तर तितक्याच आत्मविश्वासाने तिसराच आकडा. ट्रेनर म्हणाला, ‘मॅडम, त्याला बेरीज करायला लावू नका, सूत्र लिहायला लावा. बेरीज एक्सेल करेल.’ असिस्टंटच्या मागे असलेलं भाषेचं मॉडेल पुढचा शब्द काय येईल याचा अंदाज बांधत उत्तर रचतं. लांबलचक रकान्याची बेरीजही तसाच अंदाज होऊ शकते. सूत्र मात्र ते बहुतेक वेळा बरोबर लिहितं, आणि ते आपल्याला तपासताही येतं. मी ‘दोन शीटमध्ये बिल क्रमांक जुळवून फरक दाखवणारं सूत्र दे’ असं विचारलं. फरक एका क्रेडिट नोटचा, म्हणजे बिलातून वजा करायच्या रकमेच्या कागदाचा, निघाला. ती पुरवठादाराने धरली होती, आपण नाही. ट्रेनरने कीबोर्डला हात लावला नाही, सगळं माझ्याकडूनच करून घेतलं.

मग खरेदी विभागातल्या एक ज्येष्ठ मॅडम कराराचा सारांश घेऊन आल्या. त्यांना त्याने एकच सवय लावली: प्रत्येक मुद्द्यापुढे कलम क्रमांक आणि करारातलं मूळ वाक्य मागायचं, मग ते वाक्य फाइलमध्ये शोधायचं. दंडाच्या मुद्द्याचं वाक्य करारात सापडलंच नाही. मॅडम म्हणाल्या, ‘बरं झालं, सरांकडे पाठवणार होते मी हे.’

तेव्हा मत बदललं. व्हिडिओंबद्दल नाही, ट्रेनिंग म्हणजेच वेळेची नासाडी, हे मत. कोर्स शेवटी विचारतो, ‘तुमचा वेळ वाचतो असं वाटतं का?’ आणि त्या उत्तरांवरून डॅशबोर्डवर वाचलेले तास झळकतात. ट्रेनरने यावर २०२५ चा मेटर या संस्थेचा प्रयोग सांगितला. ओळखीच्या कोडवर काम करणारे १६ अनुभवी प्रोग्रॅमर होते. एआय वापरून त्यांना १९ टक्के वेळ जास्त लागला, आणि काम झाल्यावरही त्यांना वाटत होतं आपण २० टक्क्यांनी वेगवान झालो. उलट बाजूही आहे: ग्राहकसेवेतल्या पाच हजारांवर कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात सरासरी १४ टक्के फायदा दिसला, नवख्यांना तो त्याहून बराच जास्त आणि मुरलेल्यांना जेमतेम. कुणाला काय शिकवायचं हे यावरून ठरायला हवं. आमच्याकडे ते ठरतं आडनावाच्या आद्याक्षरावरून, बॅच तशा पाडल्यात.

आता पैशाचं. पैसा कंपनीचा असला तरी माझा जीव तुटतो. लायसन्स सगळ्यांना दिलं, आणि महिन्यातून एकदा लॉगिन केलं तरी पोर्टल तुम्हाला ‘सक्रिय’ धरतं. त्या आकड्यावर पुढचं नूतनीकरण होणार. कोर्सच्या अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये मी लिहिलं: व्हिडिओंच्या सीट (माणशी विकत घेतलेल्या जागा) निम्म्या करा, त्या पैशात क्लिनिकचे तास वाढवा, आणि असिस्टंटमध्ये काय पेस्ट करायचं, काय नाही याचं एक पान विभागवार काढा. ‘गोपनीय माहिती टाकू नका’ एवढ्या एका स्लाइडवरून पुरवठादाराचा बँक तपशील त्यात येतो की नाही, ते कळत नाही.

घेणाऱ्यांनी एक विचारून ठेवा: क्लिनिकचे न वापरलेले तास पुढच्या वर्षात धरतात का? आमच्या करारात धरत नाहीत. उरलेले तास मी आमच्या विभागासाठी बुक करून टाकलेत, एचआरला मेल नंतर करेन.